घर आधी की यजमानांचे कागद आधी?

प्रश्न : मी अमेरिकेची नागरिक असून न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी आहे, पगार वर्षाला ७१,००० डॉलर. यजमान जुलै २०१७ मध्ये पर्यटक व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर परत गेले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमचे लग्न झाले; मुलगी दीड वर्षाची आहे. ते एका किराणा दुकानात रोखीने काम करतात, तासाला ११ डॉलर मिळतात. २०१९ मध्ये चार महिने एका गोदामात होते, तिथे काहीतरी फॉर्म भरला होता असे त्यांना आठवते. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर नसल्याने मी टॅक्स ‘सिंगल’ म्हणून भरते. आमची शिल्लक ४६,००० डॉलर आहे, महिन्याचा खर्च ४,३०० डॉलर आहे आणि एक टाउनहाऊस पाहून ठेवले आहे, त्याचे डाउन पेमेंट ४२,००० आहे. ते भरावे, की ग्रीन कार्डचा अर्ज करावा, की सरकार बदलेपर्यंत थांबावे? वकिलांनी ४,५०० डॉलर फी सांगितली आहे. नाशिकच्या बँकेत यजमानांच्या नावे १४ लाखांची मुदत ठेव आहे, ती मोडावी का? सासूबाई आजारी असतात. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की यांनी सरळ भारतात जावे आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेऊन परत यावे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण त्यांचा क्रम लागला की निम्मे आपोआप सुटतात. मी वकील नाही, त्यामुळे कायदा जिथे तुमच्या पैशाला भिडतो तेवढ्यापुरतेच बोलतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : घर थांबू शकते, अर्ज थांबू नये, मात्र २०१९ मधल्या त्या गोदामातल्या फॉर्मचा उलगडा झाल्याशिवाय अर्ज दाखल होऊ नये.

पत्रासोबत तुम्ही यजमानांच्या पासपोर्टच्या एका पानाचा फोटो पाठवला आहे. त्यावर नेवार्क विमानतळाचा प्रवेशाचा शिक्का आहे आणि शेजारी हाताने ‘बी-२’, म्हणजे पर्यटक व्हिसाचा वर्ग, लिहिलेले आहे. तुमच्या घरातली सर्वांत मौल्यवान मालमत्ता माझ्या मते ही आहे, नाशिकची ठेव नव्हे. जो माणूस अधिकाऱ्यासमोर तपासणी होऊन देशात आला, तो अमेरिकी नागरिकाचा जोडीदार असेल, तर मुदत उलटून राहिला आणि परवान्याशिवाय काम केले तरी त्याला सामान्यतः देश न सोडता इथेच ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. सीमा ओलांडून तपासणीशिवाय आलेल्यांना ही सोय बहुतेक वेळा मिळत नाही. अशा जोडीदारांसाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली योजना टेक्सासमधील न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केली. त्या बातम्या वाचून आपले दारही बंद झाले असे तुम्हाला वाटले असेल, तर ते खरे नाही. ते पान झेरॉक्स करून, स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, पासपोर्ट जुना झाला म्हणून टाकून देऊ नका आणि सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याची, नोंदही उतरवून घ्या.

नातेवाइकांचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. १९९६ च्या कायद्यानुसार, बेकायदा वास्तव्य एक वर्ष किंवा त्याहून अधिक झालेला माणूस देशाबाहेर पडला की त्याला दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते. ही बंदी तो इथे असेपर्यंत झोपलेली असते आणि विमानात बसला की जागी होते. मग तुमच्या ‘आत्यंतिक हालअपेष्टा’ होतील हे सिद्ध करून यजमानांना इमिग्रेशन खात्याकडे माफी मागावी लागेल, आणि ती मिळेलच असे नाही. माझ्याकडे एक जोडपे आले होते; वडील गेल्याचा फोन आला म्हणून गृहस्थ त्याच रात्री पुण्याला निघाले. कुणालाही न विचारता निघाले, आणि कोण विचारत बसेल अशा वेळी? त्यानंतर त्या घरात दोन भाडी, दोन स्वयंपाक आणि वर्षाला तीन तिकिटे असा खर्च सुरू झाला, जो कोणत्याही वकिलाच्या फीपेक्षा मोठा होता.

आता खर्चाचे बोलू. एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या दरांनुसार पती-पत्नीचे नाते मान्य करून घेण्याचा तुमचा आय-१३० अर्ज कागदावर भरल्यास ६७५ डॉलर, यजमानांचा ग्रीन कार्डसाठीचा आय-४८५ अर्ज १,४४० आणि त्यासोबतचा कामाच्या परवान्याचा अर्ज २६० : सरकारी फी एकूण २,३७५ डॉलर. वैद्यकीय तपासणीचे डॉक्टर आपापले दर लावतात, म्हणून दोन डॉक्टरांना फोन करून विचारा. तो सीलबंद अहवाल आता अर्जासोबतच द्यावा लागतो. त्यात वकिलांचे ४,५००, जन्मदाखल्याचे भाषांतर आणि किरकोळ खर्च धरून ८,००० डॉलर बाजूला ठेवले की पुरे. लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली असल्याने यजमानांना दोन वर्षांचे सशर्त कार्ड न मिळता थेट दहा वर्षांचे मिळेल, आणि अटी काढण्याच्या पुढच्या अर्जाचे ७५० डॉलरही वाचतील. उशीर केल्याचा झालेला हा एवढाच फायदा.

थांबण्याची किंमत कुणी मोजत नाही, म्हणून ती मी मोजतो. न्यू जर्सीत २०२५ मध्ये बहुतेक नोकऱ्यांसाठी किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होते. यजमानांना ११ मिळतात. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरले तर नुसत्या किमान वेतनाच्या फरकाने वर्षाला जवळपास ९,००० डॉलर हातचे जातात, आणि त्या दुकानातले तास चाळीसच असतील यावर माझा विश्वास नाही. म्हणजे अर्जाचा सगळा खर्च परवाना हातात आल्यापासून साधारण वर्षभरात वसूल होतो. सरकार बदलण्याची वाट पाहण्यात आणखी एक गफलत आहे : उद्या तुम्हाला काही झाले, तर अर्ज आधीच दाखल असलेल्या आणि नसलेल्या विधुरामध्ये फार फरक पडतो. अर्ज दाखल असेल तर तुमच्या मृत्यूनंतरही तो पुढे चालू राहू शकतो; नसेल तर त्यांना दोन वर्षांच्या आत स्वतः अर्ज करावा लागेल, तोही एकट्याने आणि लहान मुलीसह.

आता अडचणीच्या बाजूकडे येतो, कारण आज अर्ज करणे पूर्वीइतके निर्धोक राहिलेले नाही. २८ फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार, कायदेशीर दर्जा नसलेल्या व्यक्तीचा अर्ज नामंजूर झाला तर सर्वसाधारणपणे तिला हद्दपारीच्या सुनावणीसाठी न्यायालयात हजर होण्याची नोटीस दिली जाते. अर्ज प्रलंबित असणे किंवा आय-१३० मंजूर होणे म्हणजे संरक्षण नव्हे, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा स्पष्ट करण्यात आले, आणि नोव्हेंबरात सॅन डिएगो येथे मुलाखतीला आलेल्या, मुदत उलटलेल्या काही जोडीदारांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. याचा अर्थ अर्ज करू नये असा मी काढत नाही. अर्ज कच्चा असता कामा नये, असा काढतो.

तुमच्या बाबतीत कच्चा दुवा तो गोदामातला फॉर्म आहे. तो बहुधा आय-९, म्हणजे कामावर घेताना काम करण्याचा हक्क तपासण्याचा फॉर्म, असणार. त्या फॉर्मवर माणसाने आपण कोण आहोत याच्या चौकटींपैकी एकीवर खूण करायची असते, आणि पहिलीच चौकट ‘अमेरिकेचा नागरिक’ ही असते. घाईत, किंवा सुपरवायझरने ‘इथे टिक कर’ म्हटले म्हणून, यजमानांनी त्या चौकटीवर खूण केली असेल, तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्याची कायमची बंदी लागू शकते, आणि अशा दाव्याला तुमच्यासारख्या प्रकरणात माफी नाही. कायम रहिवासी असल्याच्या चौकटीवर खूण असेल तर प्रकरण वेगळे आहे, आणि फॉर्म भरलाच नसेल तर आणखी वेगळे. मालकाला हा कागद रुजू झाल्यापासून तीन वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून एक वर्ष, यांपैकी जे नंतर येईल तोवरच ठेवावा लागतो; त्यामुळे तो आता नष्ट झालेला असू शकतो. पण कागद गेला म्हणून प्रश्न जात नाही. आय-४८५ वर हाच प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि त्याच्या उत्तराखाली शपथेची सही असते. तिथे आठवत असूनही ‘नाही’ लिहायचे, हा विचारसुद्धा मनात आणू नका. ‘सगळेच असे करतात’ म्हणणारे टॅक्स भरून देणारे किंवा तिकिटे काढून देणारे काका पुढच्या मुलाखतीला तुमच्यासोबत बसणार नाहीत.

म्हणून तुमचा पहिला खर्च फीचा नसून दुसऱ्या वकिलाच्या सल्ल्याचा असावा. एक तासाची भेट, यजमान स्वतः समोर, आणि विषय फक्त दोन : २०१९ चे ते चार महिने, आणि पोलिसांशी किंवा न्यायालयाशी कधीही आलेला संबंध. गोदामातून डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मिळाला असेल तर तो शोधून घेऊन जा, कारण त्यावर कोणता नंबर आहे यावरून बरेच काही कळते. दोन्ही वकिलांचे मत सारखे पडले तर पुढे जा. नागरिकत्वाची खूण केल्याचे निघाले तर अर्ज तूर्त करू नका. त्या परिस्थितीत घर घेणेही शहाणपणाचे नाही, कारण मग तुमचा पैसा भिंतीत अडकलेला नको, हाताशी हवा.

दुसरी दुरुस्ती टॅक्सची आहे आणि ती सर्वस्वी तुमच्या हातात आहे. ३१ डिसेंबरला जी व्यक्ती विवाहित असते ती त्या संपूर्ण वर्षासाठी विवाहित धरली जाते. जोडीदाराकडे नंबर नाही म्हणून कुणी सिंगल होत नाही. अर्जात तुम्ही ‘आम्ही २०२३ पासून पती-पत्नी’ म्हणणार आणि सोबत जोडलेल्या टॅक्सच्या कागदावर ‘सिंगल’ असणार, हे मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. यजमानांसाठी डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा कर क्रमांक, मागवा आणि तीन वर्षांच्या मुदतीतील सर्व विवरणपत्रे १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने दुरुस्त करून संयुक्त करा. त्यात त्यांचे रोखीचे उत्पन्नही दाखवावे लागेल, आणि ते स्वयंरोजगार म्हणून दाखवले तर त्यावर १५.३ टक्क्यांचा वेगळा कर बसेल; संयुक्त विवरणपत्राच्या सवलतीने त्यातला काही भाग भरून निघेल, सगळा नाही. प्राप्तिकर खाते आणि गृहसुरक्षा खाते यांच्यात एप्रिल २०२५ मध्ये माहिती देण्याघेण्याचा करार झाला, त्यावर न्यायालयात वाद चालू आहे, आणि त्यामुळे अनेकजण आयटीनला घाबरतात. ज्यांचा अर्ज करण्याचा विचारच नाही त्यांची भीती मी समजू शकतो. पण तुम्ही स्वतःच सरकारला नाव, पत्ता आणि बोटांचे ठसे देणार आहात.

नाशिकची ठेव याच कामाशी जोडलेली आहे. यजमान कागदोपत्री कुणीही नसले तरी इतकी वर्षे इथे राहिल्याने टॅक्सच्या दृष्टीने ते अमेरिकेचे रहिवासी आहेत. १४ लाख रुपये म्हणजे १०,००० डॉलरच्या वर. त्यामुळे त्या खात्याची दरवर्षी एफबार या परदेशी खात्यांच्या अहवालात माहिती देणे बंधनकारक आहे, आणि व्याज इथल्या उत्पन्नात दाखवायला हवे. आजवर हे झालेले नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. मागची वर्षे कशी नियमित करायची हे दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीपीएला (अमेरिकेतील सनदी लेखापालाला) विचारा आणि विवरणपत्रे दुरुस्त करण्याच्या वेळीच ते उरकून घ्या. ठेव मात्र मोडू नका. यजमानांना काही कारणाने परत जावेच लागले, तर तिकडे पाय टेकायला तेवढाच आधार असेल. तुमचे नाव नॉमिनी म्हणून आहे का, ते पाहा.

शिल्लक रकमेची वाटणी मी अशी करीन. तुमचा मासिक खर्च तुम्ही ४,३०० लिहिला आहे. सहा महिन्यांचे २५,८०० डॉलर वेगळ्या बचत खात्यात राहू देत, कारण यजमानांचे काम अचानक थांबले तरी घरभाडे थांबत नाही. ८,००० अर्जासाठी. १०,००० डॉलर केवळ वाईट वेळेसाठी : ताब्यात घेतल्यास जामिनाची कायद्याने ठरलेली किमान रक्कमच १,५०० डॉलर आहे, प्रत्यक्षात ती अनेक पटींनी जास्त असू शकते, आणि न्यायालयातल्या वकिलाची फी वेगळी असते. उरलेले २,२०० तुम्ही मुलीला घेऊन सासूबाईंना भेटून येण्यासाठी ठेवा. अर्ज प्रलंबित असताना प्रवासाची आगाऊ परवानगी ६३० डॉलरला मागता येते, आणि अशा परवानगीवर गेलेल्या एका भारतीय दांपत्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये दहा वर्षांची बंदी लागत नाही असा निर्णयही झाला आहे. तरी सध्याच्या वातावरणात, वकिलाच्या लेखी मताशिवाय, यजमानांनी त्या परवानगीच्या भरवशावर विमान पकडू नये. नातीला पाहून आजींना समाधान होईल, मुलगा फोनवर बोलेल. यापेक्षा बरे काही मला सुचत नाही.

यजमानांचा आर्थिक भार आपण उचलू, अशी सरकारला हमी देणाऱ्या आय-८६४ या हमीपत्राची तुम्हाला काळजी नको. तिघांच्या कुटुंबाला २०२५ च्या निकषानुसार सुमारे ३३,३०० डॉलर उत्पन्न पुरेसे होते आणि तुमचे त्याच्या दुपटीहून अधिक आहे. फक्त सही करताना एवढे लक्षात असू द्या की उद्या घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. यजमान नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या कामाच्या चाळीस तिमाह्या भरेपर्यंत ती सामान्यतः कायम राहते. तुमच्या नावे टर्म इन्शुरन्स नसेल तर याच महिन्यात घ्या. लाभार्थीचा इमिग्रेशनचा दर्जा विमा कंपनी पाहत नाही. इस्पितळाच्या आरोग्य विम्यात यजमानांना जोडता येते का, हेही एचआरला विचारा, कारण सरकारी मार्केटप्लेसमधून ते विमा घेऊ शकत नाहीत.

राहिला टाउनहाऊसचा प्रश्न. आज कर्ज एकट्या तुमच्या पगारावर मिळेल आणि हप्ता भरताना दमछाक होईल. यजमानांना नंबर आणि कायदेशीर पगार मिळाल्यावर दोघांचे उत्पन्न धरले जाईल. करारावर अजून सही केली नसेल तर करू नका. केली असेल, आणि तो करार ब्रोकरने तयार केलेला असेल, तर न्यू जर्सीत वकिलामार्फत तो नाकारण्यासाठी सही झालेली प्रत हाती आल्यापासून कामकाजाचे तीन दिवस मिळतात. शनिवार-रविवार त्यात मोजत नाहीत. एजंटचा फोन येण्याआधी वकिलाला फोन करा.