परदेशातल्या शाळेतला करार संपतोय, निघण्याआधी काय उरकावं?

काही वर्षं परदेशी शिकवल्यावर परत निघताना काय राहून जातं, असा तुमचा प्रश्न. सामानाचं नंतर बघा, आधी कागद.

शाळेकडून अनुभवाचं पत्र घ्या, पण 'यांनी उत्तम काम केलं' एवढ्यावर समाधान मानू नका. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय, कोणते वर्ग, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी हवं. पुढे सेवेची वर्षं धरताना हेच बघतात. मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का. 1961 च्या हेग करारानुसार, कागद ज्या देशातला, तिथलंच सरकारी कार्यालय तो शिक्का देतं. परतल्यावर लक्षात आलं तर नुसती पत्रापत्री करत बसावं लागतं. खासगी शाळेचं पत्र असेल तर बहुतेक ठिकाणी आधी नोटरी लागते. देश करारात नसेल तर वकिलातीकडून साक्षांकन. पोलिसांचा दाखलाही तिथे असतानाच काढलेला बरा. पेन्शन आणि कराचा हिशेब विचारून ठेवा.

आणि मुलांना शेवटच्या दिवशी सांगू नका हो! निदान काही आठवडे आधी सांगा, त्यांना रुसायलाही वेळ मिळू दे. पुढच्या शिक्षकांसाठी टिपण लिहा: कोण मागे बसून सगळं नीट ऐकतं, कोणाला फळ्यापाशी बोलावलं की घाम फुटतो. हे कुठल्याच गुणपत्रिकेत नसतं.

शाळेचा ईमेल बंद होण्याआधी तुम्ही तयार केलेले पाठ, शाळेची हरकत नसेल तर, उतरवून घ्या. मुलांची नावं नि गुण मात्र तिथेच राहू द्या.