डायनासोरचं अंडं आणि कापडाची कात्री

पत्र: काकू, नमस्कार. मी ३४ वर्षांची, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. नवरा मिहानमध्ये नोकरीला आहे. रात्री जेवणं आटोपली की तो लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा खेळ घेऊन बसतो आणि मी शिलाई मशीनवर. उन्हाळ्यात कुलर एकाच खोलीत, म्हणून दोघंही तिथेच. त्याला माझ्या मशीनची खडखड नको असते आणि मला त्याच्या कानावरचा हेडफोन बघवत नाही. त्यानं हौसेनं मला खेळात घेतलं होतं. मी डायनासोरचं अंडं विकून टाकलं, तर "काहून विकलं तू ते?" म्हणत दोन दिवस तोंड फुगवून बसला. वरून "झोप ना लवकर" म्हणून खेकसायचा. पुढं एकदा त्यानं माझ्या कापडाच्या कात्रीनं कुरिअरचं पाकीट कापलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिवलेलं काही दाखवलं की म्हणतो, "एवढं शिवून राहिली तर ऑर्डरी घे ना." माझ्या मैत्रिणी आणि त्यांचे नवरे सगळं मिळून करतात. आमच्यातच काही कमी आहे का? मी तो खेळ शिकून घेऊ का? — शिलाईवाली

उत्तर: शिलाईवाली, अंड्यापर्यंत मी हसत वाचलं. कात्रीपाशी आले आणि तुझ्या बाजूनं झाले. कागदानं पातं बोथट होतं, मग तीच कात्री मलमलीवर चालवली की कापड कापलं जात नाही, दुमडून पात्यांत अडकतं. पण हे त्याला कुणी सांगितलंय? त्याच्या लेखी कात्री ती कात्री. तुझ्या लेखी अंडं ते अंडं. त्या खेळात ते इन्क्युबेटरमध्ये ठेवलं की चक्क डायनासोर निघतो आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यात राहतो. एवढी मोठी गोष्ट तू बाजारात विकून आलीस, बाई! दोघांचं भांडण एकच आहे. फक्त तुझ्या हातून त्याचं गेलं आणि त्याच्या हातून तुझं.

तरी एक फरक आहे, आणि तो तू त्याला शांतपणे सांगावास असं मला वाटतं. त्या खेळात दिवस सेव्ह होतो तो झोपल्यावर. त्याच्या आत खेळ बंद करून पुन्हा उघडला की तोच दिवस सकाळी सहापासून नव्यानं सुरू. दुष्काळ नाही, सावकार नाही, बिघडलेला दिवस पुसता येतो. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्यानं हे ऐकलं तर तो काय म्हणेल देव जाणे. तुझ्याकडे मात्र गळा एकदा कापला की कापला (कुर्त्याचा!). पाव इंच जास्त गेलं तर पट्टी लाव, पायपिंग कर, नाहीतर ते कापड पिशवीला वापर. रोज रात्री असं काम करणाऱ्या बाईचा आवाज कात्रीवरून चढतो, त्यात भांडखोरपणा नाही. त्याला हे ठाऊक नसणार, कारण त्यानं कापडावर कधी कात्री चालवलेलीच नाही.

आता "झोप ना लवकर" याचं कोडं. मिळून खेळताना त्या खेळातला दिवस रात्री दोनच्या आत संपवायचा तर सगळ्या खेळाडूंना अंथरुणावर जावं लागतं. शिवाय एकट्यानं खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं, दोघांत एकट्यानं उघडून ते थांबत नाही. सकाळी सहा ते रात्री दोन हा अख्खा दिवस जेमतेम १४ मिनिटांत उरकतो. नवशिक्या माणसानं त्यात बी पेरायचं, पाणी घालायचं, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं, आणि शेजारी बसलेला जाणकार म्हणणार, "तिकडे नाही, इकडे." असला खेळ निवांत कसला! त्याला तो निवांत वाटतो कारण त्याच्या बोटांना सवय झालीय. तुझ्या वाट्याला आली ती त्या शेतावरची सालदारकी.

तेव्हा खेळ शिकायचा का, तर शिक, पण त्याच्या शेतावर नाही. तुझं स्वतःचं वेगळं शेत उघडून दे म्हणावं, एकटीचं. पहिला आठवडा त्यानं स्क्रीनकडे बघायचंच नाही. मासेमारीच्या नादी सुरुवातीला लागू नकोस, तो हिरवा पट्टा भल्याभल्यांना दमवतो. कोंबड्या पाळ, कुंपण घाल, काहीच नको वाटलं तर गावात हिंडून ये. मेंढीपर्यंत पोचलीस तर मजा आहे. तिची लोकर मागावर घातली की कापड होतं, आणि पहिलं कापड हातात आलं की गावातली एमिली तुला तिच्या घरचं शिलाई मशीन वापरायला बोलावते. हा भाग २०१९ च्या अपडेटमध्ये आला. मशीनवर कापड ठेवायचं, सोबत दुसरी एखादी वस्तू ठेवायची, आणि त्या वस्तूवरून सदरा, पँट किंवा टोपी बाहेर येते. माप नाही, अस्तर नाही, उसवणं नाही. बघून तू काय म्हणशील ते ऐकायला नवऱ्याला जवळ बसव. इथे तरी त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं.

आणि त्याला एक विचार: हा खेळ केला कुणी? एरिक बॅरोन नावाच्या माणसानं तो एकट्यानं केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवाद त्याचे, प्रोग्रॅमिंगही त्याचंच. चार वर्षांहून जास्त काळ तो हे करत बसला होता आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ बाहेर आला. तुझा नवरा याबद्दल अर्धा तास बोलेल, मी पैजेवर सांगते. तू हातानं काम करणारी आहेस, तुला खरंच ऐकावंसं वाटेल. तेवढं ऐकून घेतल्यावर तू मांडीवर घेऊन बसलेला अर्धवट कुर्ता त्याच्यापुढे धर. पूर्ण झालेला नको. पूर्ण झालेल्यावर लोक "छान आहे" म्हणतात आणि मोबाईल उघडतात. टाके घातलेली, एक बाही न लागलेली अशी वस्तू दाखवली तर विचारावंच लागतं की हे असं का.

एखाद्या शनिवारी त्यालाही मशीनवर बसव. जुन्या चादरीचा उशीचा अभ्रा, सरळ टीप, बाकी काही नाही. आधी वहीच्या रेघी कागदावर, दोरा न ओवता आणि टाकाऊ सुई लावून, रेघेवरून चालवायला दे. मोटरचं मशीन असेल तर तो पहिल्यांदा गाडी पळवल्यासारखा पायडल दाबेल. पायमशीन असेल तर चाक उलटं फिरवून दोरा तोडेल. तोडू दे. आणि आता अवघड भाग तुझ्यासाठी: टीप वाकडी आली तर ती उसवायची नाही. रात्री तो झोपल्यावरसुद्धा नाही. मी शिलाईवाल्या बायकांना चांगली ओळखते, आमचे हात शिवशिवतात. तो अभ्रा तसाच वापरा.

तुम्हा दोघांतही मास्तर दडलाय, आणि तुमचं बिनसलंय ते तिथं. वेगळा छंद असण्यात काही बिघडलेलं नाही. दुसऱ्यानं आपल्या छंदात ढ राहिलेलं तुम्हाला दोघांनाही सोसवत नाही. त्यानं तुला पहिल्याच दिवशी हुशार करायला घेतलं, आणि त्याला शिवायला बसवलंस तर तूही तेच करशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कापड घ्यायला एकदा त्याला गांधीबागेत ने. ज्या शहरात १८७७ साली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथल्या माणसाला पॉपलीन आणि केंब्रिक हाताला वेगळं लागतं एवढं तरी कळायला हवं. निवड त्याला करू दे. भडक फुलांचं आणलं तरी तू हरकत घेऊ नकोस. घरी आल्यावर ते धुऊन वाळवायचं काम त्याचं. सुती कापड आधी न धुता कापलं तर शिवून झाल्यावर धुताना आटतं, हे एकदा दोरीवर वाळत घालताना सांगितलं की माणूस जन्मभर विसरत नाही.

मशीनच्या खडखडीचं म्हणशील, तर कुलरची घरघर ज्याला चालते त्याला मशीनचा आवाज खुपतो, हे मला फारसं पटलं नाही. तरी मशीनला तेल दे आणि पायांखाली जाड रबरी चटई घाल, फरक पडेल. त्यानं हेडफोन काढावा, त्या खेळाचं संगीत ऐकण्यासारखं आहे. दोघांपैकी कुणाला एखादी रात्र बोलायचंच नसेल, तर तेही चालतं. मैत्रिणींचं सोड. त्या काय मिळून करतात ते तुला फक्त फोटोत दिसतं.

राहता राहिलं "ऑर्डरी घे". पोरी, हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. पुरुषानं रात्री दोन तास लॅपटॉपवर भोपळे पिकवले तर तो त्याचा विरंगुळा, आणि बाईनं तेवढाच वेळ शिवलं की लगेच त्याचे किती मिळतील? त्याला हे वाईट हेतूनं म्हणायचं नसेल. आपल्याकडे कौतुक करायची ती रीतच आहे. ज्याला भाव येतो ते चांगलं. पण एकदा ऑर्डर घेतली की वेळेत द्यावी लागते, काखेत घट्ट झालं म्हणून परत येतं, लग्नसराईत जेवायला उसंत मिळत नाही. ज्यांना तो धंदा करायचाय त्यांनी जरूर करावा, मानानं करावा. तुला करायचाय असं पत्रात कुठेही नाही. त्याला स्पष्ट सांग, "मला विकायचं नाही. शिवून झालं की तू फक्त बघ." शेजारणी मात्र साड्या आणून टाकत असतील आणि "तुझं मशीन आहेच तर" म्हणत फुकटात फॉल-पिको करून नेत असतील, तर त्यांना दर सांगून टाक.