आईला ऑपरेशनबद्दल सांगावं का?

प्रश्न : आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलंय. ती घाबरट आहे. ऑपरेशननंतर किती दुखेल याबद्दल तिला काही सांगू नका, असं मामा म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, जरूर सांगा. मी भूलतज्ज्ञ आहे. अचानक आलेलं दुखणं माणसाला जास्त घाबरवतं, हे रोज बघते. बोस्टनच्या डॉ. एग्बर्ट यांचा १९६४ चा अभ्यास आहे. पोटाच्या ऑपरेशनआधी कुठे, किती दुखेल आणि स्नायू सैल कसे सोडायचे हे ज्यांना समजावलं, त्यांना मॉर्फिनसारखी वेदनाशामक औषधं जवळपास निम्मीच लागली. आईला आजच कुशीवर वळून, हातांवर भार देत उठायला शिकवा. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. दुखलं की लगेच सिस्टरला सांगायचं, सोसत बसायचं नाही. आपल्या बायका फार सोसतात! भूलतज्ज्ञांच्या तपासणीला मामांनाही सोबत न्या.