पाऊस एवढ्या उंचावरून पडतो तरी आपल्याला लागत का नाही?

कारण मधे हवा आहे. ती नसती तर २ किमीवरच्या ढगातून निघालेला थेंब खाली येईपर्यंत ताशी ७०० किमीच्या वर गेला असता, कारण गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्याचा वेग ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढवतच राहिलं असतं. पण होतं काय, की वेग जसा वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, तोही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे वेग डबल तर विरोध साधारण चौपट, आणि मग एक वेळ अशी येते की थेंबाचं वजन आणि हवेचा विरोध सारखे होतात, तिथून पुढे वेग वाढायचा थांबतो. याला टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात. ५ मिमीच्या टपोऱ्या थेंबासाठी ती सेकंदाला ९ मीटरच्या आसपास, बारीक भुरभुरीला तर २ मीटरच.

आता थेंब आणखी मोठा का होत नाही, तर तो हवेच्या दाबाने खालून चपटा होऊन फुटतो (हे मला फार भारी वाटतं!). गार मात्र घट्ट बर्फ, फुटत नाही. आकार वाढला की वजन क्षेत्रफळापेक्षा जास्त वेगाने वाढतं, त्यामुळे मोठी गार ताशी १०० किमीच्या वर जाते आणि द्राक्षबागा झोडपून काढते.

आणि जड वस्तू आधी पडते असं वाटत असेल तर अपोलो १५ चा व्हिडिओ नक्की बघा, १९७१ मधे डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं, तिथे हवा नाही, दोन्ही एकाच वेळी खाली.