घरच्या उबुंटूवर ४ टीबीच्या चार डिस्क लावल्यात. त्या एकत्र जोडून एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी रचना, म्हणजे रेड, करायचीय. रेड ५ करू की रेड ६?

रेड ६ करा. जागा १२ ऐवजी ८ टीबीच मिळेल, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत. रेड ५ मध्ये एक गेली की रीबिल्डसाठी (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करायला) उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टीबीला सात-आठ तास सहज जातात, आणि एकाच वेळी घेतलेल्या डिस्क थकतातही बहुधा एकत्रच. अर्थात चुकून डिलीट केलेली फाइल कुठलाच रेड परत देत नाही, बॅकअप वेगळा ठेवा.

एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड-टूलने अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) बनवणं एका ओळीचं काम. घोळ नंतर होतो. माझा एमडी० नावाचा संच रीबूटनंतर एमडी१२७ नावाने उगवला आणि माउंट (वापरासाठी जोडणं) फसलं! अ‍ॅरेची नोंद एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकून इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) अपडेट करायचं राहिलं होतं. एफएसटॅबमध्येही (बूटवेळी काय माउंट करायचं त्याची यादी) नावाऐवजी यूयूआयडीच (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा.

डिस्क एसएमआर प्रकारच्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतील तर आत्ताच बदला, रीबिल्डला रडवतात. आणि प्रत्येकीचा सीरियल नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून समोर दिसेल असा चिकटवा. ‘एसडीसी गेली’ (एसडीसी हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) म्हणून भलतीच, चांगली डिस्क उपसणारे कमी नाहीत.