परदेशी संसार: ‘दाय खा’ म्हणजे हो असेलच असं नाही

या वेळी थायलंडहून इतकी पत्रं आलीत की संपादकांनी म्हटलं, ताई, अख्खं सदर त्यांनाच देऊन टाका. मी स्वतः बँकॉकमध्ये १४ वर्षं काढलीत, त्यातली पहिली दोन नुसती चुका करण्यात गेली, त्यामुळे खाली जे काही सांगतेय ते बरंचसं स्वतः तोंडावर आपटून शिकलेलं आहे.

प्रश्न: ताई, मी मूळचा चिंचवडचा, आठ महिन्यांपासून रायोंगला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. हाताखाली सहा थाई लोक. कुणालाही विचारा, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट होईल ना? उत्तर एकच, हसून ‘दाय खा’ नाहीतर ‘दाय क्राप’, म्हणजे होईल. शुक्रवारी रिपोर्ट नाही. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये एकीवर सगळ्यांसमोर माझा आवाज चढला, तर ती चक्क हसली! त्या दिवसापासून सगळे माझ्याशी कामापुरतंच बोलतात, जेवायला हाक मारत नाहीत. माफी मागू का? आणि मुळात ही माणसं सरळ ‘नाही’ का म्हणत नाहीत?
– एक इंजिनीअर, रायोंग

उत्तर: आधी त्या हसण्याचं सांगते, कारण तुम्हाला तेच जास्त लागलंय. ती तुम्हाला हसली नाही हो. चारचौघांत पाणउतारा झाला की इथे माणूस हसतो, रडता येत नाही आणि उलट बोलता येत नाही म्हणून हसतो. सगळ्या टीमसमोर तिचं झालं ‘सिया ना’, म्हणजे शब्दशः चेहरा गेला, आपण नाक कापलं म्हणतो तसं. आणि गंमत अशी की (गंमत तुमच्यासाठी नाही, माहितीये) तिच्यापेक्षा जास्त चेहरा तुमचा गेला, कारण ज्या साहेबाला स्वतःचा राग आवरत नाही त्याच्याबद्दल इथे फार वाईट मत होतं. ‘जाय येन येन’ म्हणतात ना सारखं, मन थंड ठेव, ते उगाच नाही.

आता नाही का म्हणत नाहीत. इथे एक शब्द आहे, क्रेंगजाय. त्याचं भाषांतर करायला लोक पानंच्या पानं लिहितात पण मराठी माणसाला भीड म्हटलं की अर्धं काम होतं. भीड, संकोच, समोरच्याला माझ्यामुळे त्रास नको, मोठ्या माणसाला तोंडावर नकार कसा द्यायचा, हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे पाहुणा ‘नको नको, आत्ताच खाऊन निघालोय’ म्हणतो तेव्हा आपण पोह्यांची डिश परत आत नेतो का? नाही, कारण ते नको खरं नको नसतं हे आपल्याला लहानपणापासून कळतं. तसंच हे ‘दाय’ आहे. तुम्ही साहेब, तुम्ही प्रश्नच असा विचारलात की ज्याचं उत्तर हो किंवा नाही, मग बिचारी नाही कशी म्हणणार!

म्हणून प्रश्न बदला. ‘होईल ना?’ नको, ‘शुक्रवारी यातलं काय काय हातात येईल, कुणाकडून डेटा यायचा राहिलाय?’ असं विचारा, तेही एकेकट्याला, मीटिंगमध्ये नाही. लाईनवर विचारलंत तर आणखी बरं, इथे सगळं ऑफिस लाईन ॲपवरच चालतं आणि तोंडावर जे बोलवत नाही ते लोक तिथे लिहितात. उत्तराआधी मोठा पॉज आला, ‘जा लोंग दू’ म्हणजे करून बघते असं आलं, किंवा अचानक विषय हवापाण्यावर गेला, की समजा नाही. बुधवारी सहज चक्कर मारा, शुक्रवारची वाट बघू नका.

माफी मागा, पण परत मीटिंग बोलावून मागू नका, तिला ते दुसऱ्यांदा चारचौघांत उभं केल्यासारखं होईल. टीममध्ये एखादी वयाने मोठी, सगळे जिला ‘फी’ म्हणतात (फी म्हणजे ताई-दादा, नोंग म्हणजे धाकटं) अशी असेलच, तिच्याशी आधी बोला, मग त्या मुलीला बाजूला दोन वाक्यं, संपलं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी काहीतरी खायला घेऊन जा. जेवायला हाक येण्याची वाट बघू नका, डबा घेऊन तुम्हीच त्यांच्या टेबलावर जाऊन बसा.

मी एवढी ठामपणे सांगतेय कारण पहिल्या वर्षी आमच्याकडे कामाला यायच्या त्या बाईंवर मी एकदा ओरडले होते, कारण काय तर लोखंडी कढई घासून तिचं तेल घालवलं. त्या हसल्या, ‘खा’ (बायकांचं आदराचं ‘हो’) म्हणाल्या, सगळं काम नीट आवरून गेल्या. परत कधीच आल्या नाहीत. खाली गार्डकडे घराची किल्ली आणि माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी ठेवून गेल्या होत्या. ती संत्री आम्ही कशी खाल्ली असतील विचारू नका.

प्रश्न: काकू, मी नाशिकची, चियांग मायला मास्टर्स करतेय, घरी पक्कं शाकाहारी. ‘मांगसाविरात’ शब्द पाठ करून आले, सगळीकडे सांगते, लोक मान डोलवतात, आणि भाजीत माशाचा वास येतोच. फसवतात का मुद्दाम?
– वैतागलेली

उत्तर: अगं नाही, फसवत नाहीत, त्यांच्या हिशोबात मासे म्हणजे ताटात दिसणारा मासा, नाम प्ला म्हणजे फिश सॉस हे मीठच आहे. आपण फोडणीतलं हिंग मोजतो का, तसं. बरं ‘मांगसाविरात’ हा शब्द मुळात मांस-विरती, म्हणजे आपलाच, पण त्या शब्दावर विसंबून राहू नकोस, थेट वस्तूचं नाव घे: ‘माय साय नाम प्ला’ (फिश सॉस घालू नका), ‘माय साय कपी’ (ती कोळंबीची पेस्ट, करीत असते), ‘माय साय नाम मन होय’ (ऑयस्टर सॉस, हिरव्या पालेभाजीत हमखास). सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) करणाऱ्या मावशींना सुकी कोळंबी नको हे वेगळं सांगावं लागतं, आणि त्यांचा खलबत्ता तोच असतो हेही मनाला सांगून ठेव.

सगळ्यात सोपा शब्द ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, १७ या आकड्यासारखं दिसतं, ते कुठे दिसलं की डोळे मिटून जा. जे म्हणजे मांस-मासे नाही, अंडं-दूध नाही आणि वर कांदा-लसूणही नाही, तुझ्या आजीचा चातुर्मासच म्हण ना. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, नऊ दिवस हा उत्सव असतो आणि बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो, तेव्हा रस्तोरस्ती पिवळे झेंडे लागतात आणि आपली चंगळ. एक मात्र आहे, खोटं मांस इतकं हुबेहूब करतात की पहिल्यांदा मी घाबरून ताट सरकवलं होतं. एरवी बाजारात जे-वाल्यांची एखादी गाडी बहुतेक असते, दुपारी लवकर संपतं, अकराला गाठ.

घरच्यासाठी, बँकॉकला गेलीस की फाहुरातला, म्हणजे तिथल्या भारतीय बाजारात, तूरडाळ, पोहे, बेसन सगळं मिळतं, एकदम आणून ठेव. कढीपत्ता कुंडीत लाव, इथल्या हवेत तो माजतो. आणि फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर कोंडतो, हवा फार वाईट होते, तेव्हा मास्क आणि खोलीत एअर प्युरिफायर, हे तू विचारलं नाहीस पण आईच्या वयाची आहे म्हणून सांगते.

प्रश्न: नमस्कार. मिस्टरांची बदली झाली म्हणून दोन वर्षांपासून बँकॉकला आहे, डिपेंडंट व्हिसावर. घरात बसून कंटाळा येतो. इथली मराठी बॅचलर मुलं डबा मागतात, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरीही मिळतील. घरातूनच करायचं, कुणाला कळणार आहे? आणि दिवाळीनंतर पुण्याला जाऊन यायचंय, काही कागद लागतात का?
– सुखुमवितहून एक गृहिणी

उत्तर: कळणार आहे. फेसबुकवर ‘चकली पाव किलो’ असा फोटो टाकलात की कळणार आहे. रागावू नका, तुमचा कंटाळा मला नीट कळतो, मी त्यातून गेलेय, पण वर्क परमिट नसताना पैसे घेऊन काम केलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि वर देशाबाहेर काढतात, आणि मग त्याची झळ मिस्टरांच्या नोकरीलाही लागेल. परमिट स्वतःचं स्वतः काढता येत नाही, नोकरी देणारी कंपनी लागते, आणि साध्या कंपनीला एका परदेशी माणसामागे साधारण चार थाई कर्मचारी आणि २० लाख बाट भांडवल दाखवावं लागतं, म्हणजे चकलीच्या हिशोबात बसत नाही ते. शेजाऱ्यांना फराळ वाटा, हवा तितका, वाटायला कोण नको म्हणतंय. खरंच कमवायचं असेल तर रीतसर नोकरी शोधा किंवा परवाना असलेल्या एखाद्या रेस्टॉरंटशी बोला, परमिट ते काढतील, मग कढईला हात.

आणि पुण्याला जायच्या आधी री-एन्ट्री परमिट! हे मी लाल अक्षरात छापायला सांगणार होते. तुमचा इथला मुक्काम वाढवून मिळालेला असतो, तो परमिट न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत की रद्द होतो, सरळ पहिल्यापासून सगळं. एका वेळचं १,००० बाट, कितीही वेळा ये-जा करायची असेल तर ३,८००. विसरलातच तर सुवर्णभूमी विमानतळावर इमिग्रेशनपाशी काउंटर आहे, पण फ्लाईटच्या धावपळीत तिथे रांग असली की जीव टांगणीला लागतो, आधीच काढा. परत येताना टीडीएसी, म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं, मे २०२५ पासून ते सगळ्या परदेशी लोकांना लागतं, उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणारी वेबसाईट दिसली की ती बंद करा. तुम्ही घरात राहायला आलात की घरमालकाने २४ तासांत टीएम-३०, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनला नोंद, भरायचा असतो, री-एन्ट्री परमिटवर त्याच घरी परत आलात तर सहसा पुन्हा लागत नाही, पण मूळचा भरलाय का ते बघा, मालक विसरतात, आणि भीड आपल्यालाही असते म्हणून आपण विचारत नाही, आणि अडकतो मात्र आपण, पुढच्या एक्स्टेन्शनच्या वेळी. लाईनवर एक गोड स्टिकर टाकून आठवण करा. ९० दिवसांचा रिपोर्ट (इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा तो) मिस्टर करत असतील, पण तो तुमचा वेगळा असतो हे बघून घ्या, बाहेर जाऊन आलं की दिवस पहिल्यापासून मोजायचे, चुकलं तर २,००० बाट.

प्रश्न: आई पहिल्यांदाच साताऱ्याहून आलीय. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या पोराला तिने डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, त्या बाई एकदम गप्प झाल्या. आता आई म्हणते माझं काय चुकलं. काय सांगू?
– बांग ना

उत्तर: आईला म्हणावं चुकलं काही नाही, पण इथे डोकं म्हणजे शरीरातली सगळ्यात पवित्र जागा, परक्याने हात लावायचा नाही. ओळखीच्या आजीने नातवंडाच्या डोक्यावरून हात फिरवला तर कुणी काही म्हणत नाही, अनोळखी माणसाचं वेगळं. पाय त्याच्या उलट, कुणाकडे तळवे करून बसायचं नाही, हे मात्र आईला शिकवावं लागणार नाही, आपल्याकडेही देवाकडे पाय केले की धपाटा बसायचा. पुढच्या वेळी भेटल्यावर आईने नुसते हात जोडून हसावं, वाय आणि नमस्कार एकच, त्या बाई विरघळतील. अजून एक, मूल लहान असेल तर त्याने आधी वाय करायचा असतो, मोठ्यांनी पोरांना पहिला वाय करायचा नाही, ते अवघडतात.

आईचं मन रमवायचं तर चाचोएंगसाओला न्या, बांग नाहून गाडीने फार लांब नाही. तिथे ३९ मीटर उंच, उभा, काशाचा गणपती आहे, हातात ऊस, केळी, आंबा आणि फणस. फणस बघून माझी सासू म्हणाली होती, हा कोकणातला दिसतो. जवळच वाट समान नावाच्या देवळात आडवा पहुडलेला गुलाबी गणपती आहे, तिथे उंदराच्या कानात इच्छा सांगतात, सांगताना उंदराचा दुसरा कान हाताने बंद करायचा, नाहीतर म्हणे त्या कानाने बाहेर पडते. टोपी, पाणी आणि पटकन काढता येतील अशा चपला. सकाळी लवकर निघा.

प्रश्न: कालच आलोय. दुकानातल्या दुधावर एक्स्पायरी २५६९ आहे. आणि प्लंबर म्हणाला ‘सोंग’ वाजता येतो, मी दुपारी दोनपासून बसलोय. हे काय आहे?
– फ्रा खानोंग

उत्तर: बुद्ध संवत. ५४३ वजा करा, २०२६ येईल. आपल्या पंचांगातही शक १९४८ असतोच की, फक्त आपण दुधाच्या पिशवीवर छापत नाही. प्लंबर कुठलं सोंग म्हणाला ते आठवा: बाय सोंग दुपारचे दोन, सोंग थुम रात्रीचे आठ, ती सोंग पहाटेचे दोन. बहुतेक आठला येईल. तोवर दूध तापवून घ्या.