अर्ज तिचा, तो तिलाच भरू द्या

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वडिलांचे पत्र आहे. मुलगी जळगावला एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला असममित हायड्रोजनीकरणातील (रेणूला हायड्रोजन अशा रीतीने जोडणे, की त्याच्या दोन आरसा-रूपांपैकी एक जास्त मिळेल) उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर पीएच.डी. करायची आहे. "उत्प्रेरक फक्त वेग वाढवतो, त्यात पाच वर्षे काय शिकायचे?" असे म्हणून त्यांनी तिला पीएच.डी.साठी लागणाऱ्या नेट परीक्षेचा अर्ज भरू दिला नाही. आता बी.एड. बरे की औषध कंपनीतली नोकरी, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात मुलीचे गुण आहेत, भाऊबंदांची मते आहेत, पुतण्याचा पगारही आहे. मुलीचे स्वतःचे म्हणणे मात्र एका ओळीत संपले आहे. "अर्ज भरू दिला नाही" हे आपण ज्या सहजतेने लिहिलेत, ते वाचून मी अस्वस्थ झालो. पाच वर्षांत लग्नाचे वय निघून जाईल ही खरी काळजी असेल, तर ती तिच्यापुढे तशीच मांडा. त्यासाठी रसायनशास्त्राला कमी लेखू नका.

उत्प्रेरक फक्त वेग वाढवतो, हा समज अपुरा आहे. काही रेणू उजव्या-डाव्या हातांसारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि त्यांपैकी कोणता जास्त तयार व्हावा हेही उत्प्रेरक ठरवू शकतो. नुसत्या रॅने निकेलवर (निकेल धातूचा सच्छिद्र उत्प्रेरक) मिथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट या सेंद्रिय संयुगाचे हायड्रोजनीकरण केले, तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिळतात. तेच निकेल आधी टार्टारिक आम्लाच्या, म्हणजे आपल्या चिंचेतल्या आम्लाच्या, द्रावणात भिजवून धुऊन घेतले, की एक रूप स्पष्टपणे जास्त मिळते. जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञ इझुमी यांनी १९६० च्या दशकात हे काम उभे केले. त्या द्रावणात सोडियम ब्रोमाइड घातले, की हे प्रमाण आणखी वाढते, कारण आम्ल न बसलेल्या, निवड न करणाऱ्या जागा ब्रोमाइड अडवते, असे मानले जाते. पृष्ठभागावर असा एकेक बदल करायचा, प्रत्येक वेळी दोन रूपांचे प्रमाण मोजायचे, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जागांचा स्वभाव ताडायचा, हा आपल्या मुलीचा विषय आहे.

त्याचा उपयोग औषधांत आहे. कंपवातावरचे एल-डोपा असममित हायड्रोजनीकरणाने बनवण्याच्या कामासाठी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ नोल्स यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तो उत्प्रेरक द्रावणात विरघळणारा होता. घन उत्प्रेरक गाळून वेगळा काढता येतो, म्हणून त्याचे आकर्षण आजही आहे. तरीही तिने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अशा घन उत्प्रेरकांनी उत्तम निवड साधणाऱ्या अभिक्रिया मोजक्याच आहेत, तेव्हा उत्प्रेरणाचे इतर कामही शिकवणारा मार्गदर्शक तिने शोधावा.

वाट ठरलेली आहे: नेट-जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी नेट परीक्षा) किंवा गेट ही प्रवेश परीक्षा, मग विद्यापीठ किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. बी.एड. शिकवण्याची ओढ असलेल्यांसाठी आहे; तशी ओढ तिला असल्याचे आपल्या पत्रात कुठेही नाही.

नेटचा पुढचा अर्ज निघेल तेव्हा तो तिला भरू द्या. आणि मला यापुढचे पत्र तिचे यावे. कोणता शोधनिबंध वाचून हा विषय तिच्या मनात बसला, ते तिने त्यात लिहावे.